क्लचवरचा पाय

मार्थाबाईंच्या पायांचं आमच्या कारखान्यात सगळ्यांना कौतुक होतं. आज हे लिहायला बसले तरी अंगावर सर्रकन काटा येतो, पण कौतुक नव्हतं असं खोटं कसं लिहू? मे महिन्यात आमच्या यार्डातलं काँक्रीट असं तापायचं की चप्पल घालूनही माणूस पाय उचलून उचलून चालायचा. त्याच काँक्रीटवरून या बाई अनवाणी, सावकाश, लग्नाला निघाल्यासारख्या चालत यायच्या आणि सावलीला उभ्या असलेल्या आम्हा लोकांकडे बघून हसायच्या.

"काय गं पोरी, भाजतंय व्हय?" असं मला विचारायच्या. मी त्या कारखान्याची स्टोअर इनचार्ज. आमच्या घराण्यात सगळे मास्तर नाहीतर कारकून. लोखंडाशी संबंध आलेली मी पहिली, आणि तोही पावती फाडण्यापुरता. मालकांसमोर मार्थाबाई मला 'म्याडम' म्हणत, मालकांची पाठ वळली की 'पोरी'. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. मला तसा कशाचाही चटकन राग येतो. पण मार्थाबाईंवर रागावणं म्हणजे भिंतीवर रागावणं. त्यांच्यापर्यंत ते पोचतच नसे.

बेलापूरच्या अलीकडे रस्त्याला लागून आमचा पशुखाद्याचा कारखाना. सरकी पेंड, मका, कोंडा आत येतो आणि गोण्या भरून बाहेर जातो. त्या गोण्या लाकडी पॅलेटवर रचायच्या आणि फोर्कलिफ्टने उचलून थप्पीला लावायच्या किंवा ट्रकात चढवायच्या. पुढे दोन लोखंडी दाते असलेली ही गाडी कुणी पाहिली नसेल असं नाही. आमची मात्र पाहण्यासारखीच होती. डिझेलवर चालणारी, हाताने गिअर टाकायची, एके काळी पिवळी असावी अशी. मार्थाबाई तिला 'थोरली' म्हणत. "थोरली आज कुरकुरतीय", "थोरलीला पानी दाखवलं का?" नवीन आलेला माणूस घरातल्या कुणाबद्दल बोलणं चाललंय असंच समजायचा.

या थोरलीवर बसणारी बाई बघून मी पहिल्याच दिवशी तोंडात बोट घातलं होतं. ठसठशीत अंग, सहावारीवर पुरुषी खाकी शर्ट, गळ्यात काळ्या दोऱ्यात बारका क्रूस आणि गालात कायम एक लवंग. साडीचा काचा मारून त्या गाडीवर चढत आणि चढण्याआधी पाय साडीच्या कडेला नीट पुसत. कंपनीने दिलेले सेफ्टी बूट सीटच्या मागे पिशवीत असत. तपासणीला साहेब आले की पिशवीतून निघत, साहेब गेले की परत पिशवीत.

"बूट घातला की पायाला पेडल कळत न्हाई," त्या म्हणत. "गाडी पायानं चालती, पोरी. डोळं नुसतं बघ्यावानी असत्यात."

त्या मुळात गोण्या शिवणाऱ्या बायकांत होत्या. माहेरी भावाचा ट्रॅक्टर होता. उसाची ट्रॉली घेऊन त्या शुगर फॅक्टरीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या, तेही लग्नाआधी. एकदा आमचा फोर्कलिफ्टवाला न सांगता गायब झाला, बाहेर ट्रक खोळंबले, मालक फोनवर ओरडत होते. या उठल्या, पदर खोचला आणि चढल्या. संध्याकाळपर्यंत यार्ड रिकामं. मालक बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी गोणी शिवायला बसल्या तेव्हा मालकच सांगायला आले, "बाई, तुम्ही तिकडं बसा." त्या दिवसापासून ती सीट त्यांची. रविवारी चर्चला जाताना त्या जी साडी नेसत, तिची घडी आणि थोरलीची सीट या दोनच गोष्टींना त्या दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ, सगळं. मार्थाबाई ख्रिस्ती, तेव्हा त्या बाजूला उभ्या राहतील असं मला वाटलं होतं. छे! थोरलीला त्यांनी आदल्या दिवशीच घासूनपुसून ठेवलं होतं. माळ स्वतः घातली, डोळे मिटून आपली प्रार्थना स्वतः केली आणि कुणीतरी चाकाखाली लिंबू ठेवायला वाकलं तसं त्याचा हात धरला.

"लिंबू चिरडून काय हुनार हाय? चाकात हवा कमी हाय ती भर आधी!"

भटजींना हसू आवरेना. हवा खरंच कमी होती.

ट्रकवाल्यांशी त्यांचं जमत नसे. एक टेम्पोवाला असाच टेचात म्हणाला, "बाई काय गाडी भरनार? मानूस न्हाई का कुनी?" मार्थाबाईंनी टेम्पो व्यवस्थित भरला. मग एक भरलेला पॅलेट त्याच्या नाकासमोर आणून ठेवला, एक शेपटीमागे, गाडी बंद केली, किल्ली शर्टाच्या खिशात टाकली आणि भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसल्या. टेम्पो ना पुढे जाईना ना मागे. तो बिचारा हात जोडून उभा. आम्ही खिडकीतून पोट धरून हसत होतो. भाकरी संपली, हात धुतले, लवंग गालात गेली, मग कुठे त्याची सुटका झाली. मालकांनी बोलावून झापलं तर म्हणाल्या, "त्यानं मानूस मागितला हुता, मानूस आला असता तर काढला असता की पॅलेट."

अशी बाई. तिचं भलं झालेलं बघायला सगळ्यांनाच आवडायचं आणि तिला चिडवायलाही.

आणि मग ते पाय. एकदा गोण्या शिवणाऱ्या हिराबाईने, मार्थाबाईंच्या जुन्या जोडीदारणीने, आरडाओरडा केला म्हणून मी धावत गेले. मार्थाबाईंच्या टाचेत पॅलेटचा खिळा घुसलेला. तो सकाळपासून तिथेच असावा, कारण चालताना काँक्रीटवर टिकटिक आवाज येतोय म्हणून हिराबाईने खाली पाहिलं होतं. मार्थाबाईंनी पक्कड मागवली, टायरमधून काढावा तसा खिळा काढला, आणि म्हणाल्या, "पंचर न्हाई झालं." सगळे हसले. मीही हसले आणि मग दटावून त्यांना धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला पाठवलं. इंजेक्शन देणाऱ्यानेही वाहवा केली म्हणे. पुढे कितीतरी दिवस हा किस्सा नव्या माणसाला सांगितला जायचा. 'आमच्या मार्थामावशीला खिळा टोचत नाही.' त्यांच्या चर्चमधल्या बायका म्हणत, हे प्रार्थनेचं बळ. आमच्याकडचे म्हणत, जुन्या हाडाची बाई. कुणीतरी म्हणालं, ज्वारीच्या भाकरीवर पोसलेलं अंग आहे. दुखत का नाही, असा प्रश्न एकालाही पडला नाही.

त्याच सुमाराला थोरली बिघडू लागली. इंजिन जोरात ओरडायचं पण गाडी चढाच्या रॅम्पवर चढायची नाही. जळका वास यायचा. रावसाहेब मिस्त्री म्हणून कर्जतचे एक गृहस्थ होते, जिल्ह्यातल्या अर्ध्या जुन्या फोर्कलिफ्ट त्यांच्या हाताखालून गेलेल्या. त्यांनी क्लच बदलला. पुढचा पावसाळा यायच्या आत तो पुन्हा जळाला. मिस्त्रींनी पुन्हा बदलला आणि जाताना बोलून गेले, "ड्रायवर पाय ठेवतोय क्लचवर."

मार्थाबाईंनी ते ऐकलं. त्या दिवशी त्यांनी भाकरी तशीच परत नेली.

मग ती थप्पी पडली. मार्थाबाई पॅलेट घेऊन वळत होत्या, गाडी थांबायच्या जागी थांबली नाही, पुढे सरकली आणि शेजारच्या थप्पीला लागली. वरच्या गोण्या धडाधड खाली आल्या. हिराबाई रोज दुपारी तिथेच पाठ टेकून बसायची. त्या क्षणी ती पाणी प्यायला उठली होती. धुरळा खाली बसला तेव्हा तिचा डबा पार चेपला होता. मार्थाबाई सीटवर तशाच बसून म्हणत होत्या, "मी क्लच दाबला हुता. मी ब्रेक दाबला हुता. देवाशपथ. थोरलीनं ऐकलं न्हाई."

मालक आले. ते ओरडले नाहीत, त्यामुळेच जास्त भीती वाटली. म्हणाले, "शेवटचा क्लच. मिस्त्री उघडून बघू देत. गाडीचा दोष निघाला तर दुरुस्त करू, तुम्हीच चालवा. ड्रायव्हरचा निघाला तर गाडी भंगारात, नवीन बॅटरीवाली येईल, तिच्यावर त्या कंपनीचाच माणूस बसेल. तुम्ही परत गोण्या शिवा."

"माझा दोष निघाला तर तुमी सांगायची गरज न्हाई," मार्थाबाई म्हणाल्या. "मीच उतरंन."

त्यांना खात्री होती. मागच्या बाजूने इंजिनचं तेल गळतं, ते क्लच प्लेटवर उडतं, प्लेट घसरते आणि जळते, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि हे काही येरागबाळं म्हणणं नव्हतं. मिस्त्रींनीही मान डोलावली. "व्हय, तसं हुतं. फ्लायव्हीलच्या मागं तेल अडवनारं एक रबराचं सील असतं. ते फाटलं की तेल येतं. पन ते बघायचं तर फ्लायव्हील काढावं लागतंय. मागच्या येळंला म्या काढलं नव्हतं."

"मग काढा की!" मार्थाबाई जवळजवळ ओरडल्याच. "झाकून ठिवून माझ्यावर ढकलू नगा."

म्हणून त्या दिवशी सगळा कारखाना यार्डात जमला होता. एका जुन्या गाडीच्या पोटात तेल आहे की नाही, हे बघायला. मला तर परीक्षेच्या निकालाला आल्यासारखं वाटत होतं. सकाळीच मिस्त्रींनी सीट काढली, पायाखालचा पत्रा काढला, साखळीच्या कप्पीने इंजिन उचलून मागे ओढलं. इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे झाले आणि मधे क्लच दिसू लागला. मार्थाबाई कडेला उभ्या होत्या, अनवाणी, हात मागे बांधून. कुणी मधे बोललं की त्याच्याकडे अशा बघत की तो गप्प बसे.

क्लचला दाबून धरणारी प्रेशर प्लेट सुटली. आतून क्लच प्लेट मिस्त्रींच्या हातात आली. काळी ठिक्कर, काठाला झिजून कागदासारखी झालेली. त्यांनी ती नाकाशी नेली, बोटाने पुसली आणि बोट आम्हाला दाखवलं. नुसती काजळी.

"तेल न्हाई," ते म्हणाले.

"जळून गेलं असंल," मार्थाबाई म्हणाल्या. "एवढी आग झाली तिथं तेल ऱ्हानार हाय का? सील बघा. खरं काय ते सील सांगंल."

आता फ्लायव्हील समोर होतं. इंजिनच्या मागे बसवलेलं ते जाडजूड लोखंडी चाक. त्याचा चेहरा खरा चकचकीत असायला हवा होता. त्यावर निळे-जांभळे डाग पडले होते आणि बारीक बारीक चिरा. मिस्त्रींनी त्यावरून हात फिरवला आणि मार्थाबाईंकडे पाहिलं.

"बाई, हे लोखंड रोज तापल्याबिगर असं हुत न्हाई. तुमी पाय टेकवून ठेवताय. दाबत न्हाई, पन उचलतबी न्हाई. नुसता टेकला तरी प्लेट घासत ऱ्हाती."

"माझा पाय क्लचवर ऱ्हात न्हाई!"

"मग कुनाचा ऱ्हातो?"

"मिस्त्री, माझा पाय मला ठावं नसंल का? गिअर पडला की मी पाय उचलते. लग्नाच्या आदीपास्नं उचलते. आईशपथ सांगते."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. आणि मला शंभर टक्के खात्री होती की ही बाई खोटं बोलत नाही. पण मिस्त्रीही खोटं बोलत नव्हते. काय समजावं तेच कळेना.

मिस्त्रींनी फ्लायव्हीलचे बोल्ट सैल केले. ते नीट काम करणारे गृहस्थ. चाक परत त्याच जागी बसावं म्हणून आधी पंचने खूण केली. खाली लाकडाचे ठोकळे रचले. सगळे बोल्ट काढले, दोन तेवढे चार-चार आट्यांवर अडकवून ठेवले, म्हणजे चाक अंगावर येणार नाही. मग लाकडाने हळूहळू ठोकलं. चाक हललं. शेवटचे बोल्ट काढून त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं आणि ठोकळ्यावर उतरवलं.

"सरा थोडं," ते म्हणाले. सगळे मागे सरले. मार्थाबाई पुढे आल्या. त्यांना सील बघायचं होतं. त्या वाकल्या, बॅटरीचा उजेड आत पाडला, आणि तेवढ्यात ठोकळा सटकला. चाक कलंडलं आणि त्याची कड सरळ त्यांच्या डाव्या पावलावर आली.

आवाज मला आजही ऐकू येतो. लोखंड लोखंडावर पडल्याचा नव्हता तो, काँक्रीटवर पडल्याचाही नव्हता. हिराबाई किंचाळली. मिस्त्री "आरं द्येवा" म्हणून मागे झाले. मी डोळे घट्ट मिटले. आणि त्या सगळ्या ओरड्यात मार्थाबाईंचा आवाज आला, अगदी शांत.

"कोरडं हाय."

मी डोळे उघडले. त्या तशाच वाकलेल्या होत्या. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हाताचं बोट सीलवर. बोट बाहेर काढून त्यांनी उजेडात धरलं. धूळ होती, तेलाचा थेंब नव्हता.

"कोरडं हाय," त्या पुन्हा म्हणाल्या. "माझाच दोष. उतरले मी."

मग त्यांनी मान वर केली. आमचे चेहरे पाहिले. आम्ही सगळे खाली बघत होतो. मिस्त्रींचा रंग उडाला होता.

"काय झालं?" मार्थाबाईंनी विचारलं.

फ्लायव्हीलची कड त्यांच्या बोटांवर होती आणि खालून रक्त वाहत काँक्रीटच्या भेगेत चाललं होतं. त्या भेगेकडे त्यांनी पाहिलं, मग रक्त कुठून येतंय ते शोधत शोधत त्यांची नजर आपल्या पायापर्यंत आली. आपला पाय त्यांनी दुसऱ्या कुणाचा असावा तसा पाहिला. मी माझ्या आयुष्यात असा चेहरा पाहिलेला नाही आणि देवाने पुन्हा दाखवूही नये. दुखण्याची एक रेघ त्यावर नव्हती. होता तो फक्त धक्का.

"पोरी," त्या मला म्हणाल्या, "हे माझ्या पायावर पडलंय का गं?"

दवाखान्यात नेताना मी त्यांच्या शेजारी बसले होते. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. रक्त तपासलं, साखर इतकी की ते क्षणभर आमच्याकडेच बघत राहिले. "कधीपासून आहे?" असं त्यांनी विचारलं. कुणाला माहीत? कधी तपासलीच नव्हती. जखम बांधून झाल्यावर त्यांनी मार्थाबाईंना डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाले, "मी पायाला टाचणी टोचणार आहे. टोचली की 'हो' म्हणा."

मार्थाबाईंनी डोळे मिटले. डॉक्टर जखम नसलेल्या उजव्या पायाला टाचणी लावू लागले. तळव्याला, टाचेला, बोटांना, घोट्याजवळ. मी बघत होते. मार्थाबाई वाट बघत होत्या.

"टोचा की आता," त्या म्हणाल्या. "किती येळ डोळं मिटून ठिवू?"

मला तिथून पळून जावंसं वाटलं. दोन्ही पाय! डॉक्टर हळू आवाजात समजावत होते की साखरेने पायांच्या नसा हळूहळू मरतात, माणसाला कळतही नाही, पाय कुठे टेकलाय, किती दाबलाय, त्या काही सांगत नाहीत. मला तापलेलं यार्ड आठवत होतं, टाचेतला खिळा आठवत होता आणि ते सगळं हसणं. आम्ही काय बघत होतो आणि काय समजत होतो! मला वाटलं, मार्थाबाई आता रडतील, पायाचं काय होणार ते विचारतील. त्यांनी डोळे उघडले आणि माझा हात धरला. त्यांची पकड इतकी घट्ट होती की माझ्या बांगड्या रुतल्या.

"म्हंजी बिरेकवर पाय हुता का न्हवता ते मला ठावंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "हिरा तिथं बसली असती तर? अगं, एवढ्या बायका माझ्या गाडीपुढनं जात हुत्या. मी त्यास्नी हसून हात करत हुते. अगं, म्या कुनाला मारलं असतं गं!"

एवढं बोलून त्या थरथर कापू लागल्या. नर्सने दोन्ही खांदे धरले तरी थांबेना. त्यांच्या ठेचलेल्या पायावरचं पांढरं बँडेज लाल होत होतं, तिकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

पाय वाचला नाही. आधी बोटं काढली, मग पाऊल, मग गुडघ्याच्या खाली सगळंच. थोरली मात्र भंगारात गेली नाही. मिस्त्रींनी फ्लायव्हील लेथवर घासून आणलं, नवा क्लच बसवला, आणि मालकांनी पारनेरचा एक शांत माणूस तिच्यावर बसवला. मालकांनीच कारखान्यातल्या सगळ्या कामगारांची साखर तपासून घेतली. त्यात हिराबाईची सापडली. ती आता गोळ्या घेते आणि चप्पल कधी काढत नाही.

मी मार्थाबाईंना भेटायला जायचं टाळत होते असं नाही, पण पाय उचलत नव्हता हे खरं. शेवटी एका रविवारी दुपारी बेलापूरला गेले. त्या ओट्यावर खुर्चीत बसल्या होत्या. अंग उतरलं होतं. खाकी शर्ट नव्हता, चर्चची चांगली साडी होती, आणि साडीची कड एका बाजूला जमिनीपर्यंत येऊन लोंबत होती. त्यांच्या मुलीने चहा आणला, बिनसाखरेचा. मार्थाबाई म्हणाल्या, "घे बाई, माझ्यामुळं तुझ्याबी नशिबात ह्यो काढा."

मी हसले. जरा बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं. मला माहीत होतं त्या विचारणार.

"थोरलीचा क्लच?"

मी कपात बघितलं.

"परत जळला का?"

जळला म्हणून सांगावं, असं माझ्या जिभेवर आलं होतं. एक वाक्य तर होतं. पण त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की खोटं बोलायची माझी छाती झाली नाही.

"नाही," मी म्हटलं. "व्यवस्थित चालतोय. रॅम्पही चढते."

त्यांनी मान हलवली. नजर रस्त्याकडे वळवली. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "गाडी चांगली हाय. ती न्हाई कधी खोटं बोलली. मीबी बोलले नव्हते गं. पायच खोटं बोलत हुता."

मला हुंदका आला. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मलाच धीर देत होत्या, काय बाई!

मग एकदम आवाज खाली करून, आत मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून, त्या माझ्याकडे झुकल्या.

"तुला एक सांगू का? येडी म्हनू नगंस. तो दुखतोय."

"कोण?"

"तो पाय. न्हाई तो." त्यांनी लोंबत्या साडीकडे बोट दाखवलं. "अंगठ्याला ठनके मारत्यात. तळव्याला भाजतंय. टाचंत खिळा घुसल्यावानी हुतंय. डॉक्टर म्हनला, असं हुतं, पाय न्हाई हे डोक्याला कळायला येळ लागतो. म्या म्हनलं, आता कळतंय व्हय ह्याला! एवढी वर्सं बुडाशी हुता तवा मुका. कापून टाकला आन् आता सांगतोय, कुठं कुठं दुखत हुतं ते."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. मी त्यांचा निरोप घेतला, पुन्हा येते म्हटलं. त्या 'ये' म्हणाल्या. पुन्हा भेट व्हायची नव्हती, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. पावसाळ्यात त्या गेल्या.

कोपऱ्यावर वळण्याआधी मी मागे पाहिलं. मार्थाबाई खुर्चीत पुढे वाकल्या होत्या. त्यांनी साडी थोडी वर धरली होती आणि जमिनीपासून वीतभर वर, जिथे काहीच नव्हतं, तिथे त्या आपला हात मायेने सावकाश फिरवत होत्या.